गल्ल्यातील वटाव
लहान उपाहारगृहे आणि कार्डावरील शुल्क

(मंडळाच्या अमरावती येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. मॅट्रिकच्या पुढची पदवी आमच्याजवळ नाही, आणि व्यापाराचा तर प्रत्यक्ष अनुभव मुळीच नाही. तेव्हा चिटणीसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला, त्या वेळी आम्ही ‘शेकडेवारी’ असे उत्तर दिले. ते हसले. परंतु आम्ही तो विषय थट्टेने सांगितला नव्हता. सहावी-सातवीच्या मुलांना जी शेकडेवारी आम्ही खडूने फळ्यावर शिकविली, तीच आज आपल्या समाजातील अनेक घरांच्या गल्ल्यात रोज रात्री बसलेली आहे. आणि तिच्याकडे पाहावे तसे कोणी पाहत नाही. म्हणून आज आपला थोडा वेळ घेण्याचे आम्ही धाडस करीत आहोत.

आपल्या यादीतील कुटुंबांकडे नजर टाकली तर असे दिसते की, शेती व नोकरी यांच्या खालोखाल आपली माणसे अन्न विकून पोट भरतात. कोणाची खाणावळ आहे, कोणाचे भोजनालय, कोणाची गिला वडा व कचोरीची गाडी, तर कोणाचे महामार्गावर चार टेबलांचे हॉटेल. अमरावती-अकोला रस्ता आपण सर्वांनी खड्ड्यांसह पाहिला आहे. त्याच रस्त्यावर २०२२ च्या जून महिन्यात लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पुरे झाले आणि त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. रस्ता सुधारला, मोटारी वाढल्या, नागपूर-पुण्याकडचे प्रवासी थांबू लागले. या प्रवाशांच्या खिशात नोटा क्वचितच असतात. कोणी भ्रमणध्वनी पुढे करतो, कोणी कार्ड पुढे करतो. हॉटेलवाल्याने यंत्र घेतले नाही तर गिऱ्हाईक जाते, आणि घेतले तर दुसऱ्या दिवशी बँकेत रक्कम थोडी कमी जमा होते. ही ‘थोडी कमी’ म्हणजे काय, ती कोण घेतो, किती घेतो आणि कशाबद्दल घेतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही कपात म्हणजे काही नवी करणी नव्हे. वऱ्हाडातील माणसाला तर ती मुळीच अपरिचित नसावी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कापसाच्या पेठेत हुंडी चालत असे. शंभर रुपयांची मुदतीची हुंडी मुदतीपूर्वी सावकाराकडे नेली तर तो शंभर देत नसे. काही रक्कम वजा करून उरलेली हातावर ठेवी. त्या वजा रकमेला वटाव म्हणत, आणि ‘हुंडी वटविणे’ हा शब्दप्रयोगही रूढ आहे. आज कार्डाच्या व्यवहारात बँक जे घेते त्याला ‘मर्चंट डिस्काउंट रेट’, म्हणजेच ‘एमडीआर’, असे नाव आहे. मराठीत सांगावयाचे तर तो व्यापाऱ्याकडून घेतलेला वटावच होय. गिऱ्हाइकाने सही केलेले किंवा अंकसंकेत दाबून मान्य केलेले बिल आपण बँकेला देतो. बँक वटाव कापून आपल्याला रोख देते, आणि गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम यथावकाश वसूल होते.

दुसरेही एक स्मरण करून द्यावेसे वाटते. पेठेतील कपातीला शिस्त लावण्याचे काम हिंदुस्थानात ज्या प्रदेशाने प्रथम हाती घेतले, तो आपला वऱ्हाड होय. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ साली नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराला जागा ठरली, देखरेखीस समिती आली, तोलाला व आकारणीला नियम लागले. ज्या प्रांताने तोलाईचा व अडतीचा हिशेब मागण्यास देशाला शिकविले, त्या प्रांतातील हॉटेलवाल्याने यंत्राच्या कपातीचा हिशेब मागू नये, हे आम्हांस शोभत नाही असे वाटते.

गंमत अशी की, कार्डाचा जन्मच मुळी उपाहारगृहात झाला. १९५० साली न्यूयॉर्क शहरात फ्रँक मॅकनमारा व त्यांचे सहकारी यांनी ‘डायनर्स क्लब’ काढला. नावाचा अर्थच ‘जेवणाऱ्यांचे मंडळ’. सभासदाने ठरावीक उपाहारगृहांत जेवावे, कार्ड दाखवावे आणि महिनाअखेर एकदम पैसे द्यावेत, अशी ती योजना. उपाहारगृहाच्या मालकाकडून त्या काळी शेकडा ७ कापले जात. मालकाने ते का दिले? कारण उधारीवर जेवणारे गिऱ्हाईक अधिक येते, अधिक खाते, आणि ती उधारी वसूल करण्याची दगदग मालकाच्या माथी राहत नाही. आपल्या देशात बँकेचे क्रेडिट कार्ड १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने काढले. पुढे २०१२ साली राष्ट्रीय भुगतान निगमाने ‘रुपे’ हे स्वदेशी कार्ड आणले आणि २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू केली. हा इतिहास येथेच आटोपता घेऊन आपण कपातीच्या पोटात शिरू.

यंत्रात कार्ड घातले की चार जण कामाला लागतात. पहिली, गिऱ्हाइकाची बँक, जिने त्याला कार्ड दिले. दुसरी, आपली बँक किंवा तिच्या वतीने यंत्र देणारी कंपनी. तिसरी, या दोन बँकांमध्ये निरोप नेणारी संस्था; व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे ही तिची नावे. चौथे आपण स्वतः. वटावाची रक्कम पहिल्या तिघांत वाटली जाते, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तिचा सर्वांत मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जातो. कारण ती बँक गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना बिनव्याजी उधार देते, तो बुडाला तर नुकसान सोसते, आणि वर त्याला खर्चाबद्दल बक्षीसगुण देते. गिऱ्हाईक ज्या बक्षीसगुणांवर विमानाचे तिकीट काढते, त्यांतील काही पैसे आपल्या भाकरीच्या ताटातून गेलेले असतात. यात कोणी चोरी करीत नाही. पण हे माहीत असणे बरे.

आता दर. येथे आपल्या बांधवांचा सर्वांत मोठा गोंधळ होतो, कारण ते सर्व कार्डे एकाच मापाने मोजतात. वास्तविक चार निरनिराळ्या वाटा आहेत आणि चौघींचे दर निराळे आहेत.

पहिली वाट यूपीआयची. गिऱ्हाइकाच्या बँकखात्यातून क्यूआर कोडवर थेट येणाऱ्या पैशावर १ जानेवारी २०२० पासून वटाव शून्य आहे. शंभर दिले तर शंभरच येतात. दुसरी वाट रुपे डेबिट कार्डाची. तिलाही त्याच तारखेपासून वटाव नाही.

तिसरी वाट इतर डेबिट कार्डांची. येथे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घालून दिली आहे. ज्याची मागील आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून यंत्रावर शेकडा ०.४० आणि क्यूआरवर शेकडा ०.३० यांपेक्षा अधिक घेता येत नाही. एका व्यवहारास फार तर २०० रुपये. उलाढाल त्यापेक्षा अधिक असेल तर यंत्रावर ०.९० व क्यूआरवर ०.८०, आणि एका व्यवहारास फार तर १००० रुपये. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, आपण २० लाखांच्या आत असल्याचे बँकेला कळविले नसेल, तर ती आपल्याला वरच्या वर्गात धरून मोकळी होऊ शकते. ज्याचा गल्ला महिन्याला दीड लाखाचा, त्याची उलाढाल वर्षाला १८ लाखांची. त्याने ही नोंद तपासून घ्यावी.

चौथी वाट क्रेडिट कार्डाची. या वाटेवर रिझर्व्ह बँकेने दराची मर्यादा घातलेली नाही. दर करारावर ठरतो. साधारणतः शेकडा दीड ते अडीच, काही कार्डांना त्याहूनही अधिक, आणि परदेशी व कंपनीच्या कार्डांना आणखी चढा. मर्यादा नाही याचाच दुसरा अर्थ असा की, येथे घासाघीस करता येते. जो विचारतो त्याला उत्तर मिळते. जो विचारत नाही त्याला छापील दर मिळतो.

याशिवाय दोन पायवाटा आहेत, त्यांची नुसती ओळख पुरे. २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे आपल्या त्याच क्यूआरवर कधी खात्यातील पैसा येतो, कधी क्रेडिट कार्डाचा. लहान व्यापाऱ्यास अशा २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर वटाव नाही. त्यापुढे लागू शकतो. तसेच भ्रमणध्वनीतील पैशाच्या पाकिटातून क्यूआरवर २००० रुपयांच्या वर रक्कम आली, तर १ एप्रिल २०२३ पासून कमाल शेकडा १.१ एवढे आंतरबँक शुल्क त्यावर ठेवले आहे. ‘क्यूआर म्हणजे सर्व फुकट’ असे सरसकट समजू नये, एवढाच याचा बोध.

आता वटावावरील कर. बँकेच्या या सेवेवर वस्तू व सेवा कर शेकडा १८ आहे. मात्र कार्डाचा एकच व्यवहार २००० रुपयांपर्यंतचा असेल तर बँकेच्या त्या वटावावर हा कर माफ आहे. दुकानदार हा कर पुढे वळता करून घेतो. आपल्याला तशी सोय नाही. कारण १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहास आपल्या बिलावर शेकडा ५ कर आहे, तो खरेदीवरील कर वळता न करण्याच्या अटीवर. ज्यांनी आपसमेळ योजना घेतली आहे त्यांनाही तीच अट. तेव्हा वटावावर भरलेला कर हा आपल्या बाबतीत निव्वळ खर्चच होय.

बंधुभगिनींनो, आता फळा घेऊ. समजा, रात्री आठ जणांचे कुटुंब जेवले. जेवणाचे २४०० रुपये झाले. त्यावर शेकडा ५ प्रमाणे कर १२० रुपये, एकूण बिल २५२० रुपये. पैसे क्रेडिट कार्डाने दिले. आपला करार शेकडा २ चा. पहिली गोष्ट ही की, वटाव २४०० वर नव्हे तर २५२० वर बसतो. सरकारच्या १२० रुपयांवरचा वटावही आपल्यालाच पडतो. २५२० चे शेकडा २ म्हणजे ५० रुपये ४० पैसे. व्यवहार २००० च्या वरचा, म्हणून त्यावर १८ टक्के कर ९ रुपये ७ पैसे. एकूण कपात ५९ रुपये ४७ पैसे. खात्यात जमा २४६० रुपये ५३ पैसे.

आपण म्हणाल, अडीच हजारांत साठ रुपये, एवढ्याशा रकमेचे काय घेऊन बसलात? येथेच शेकडेवारीचा खरा धडा आहे. शेकडेवारी पाहताना ती कशाची, हे आधी विचारावे. वटाव विक्रीवर बसतो, पण तो भरावा लागतो नफ्यातून. भाजी, तेल, गॅस, भाडे, माणसांचा पगार हे सर्व वजा जाऊन २४०० रुपयांच्या जेवणात शेकडा १० उरले असे मानले, तर नफा २४० रुपये. त्यातून ५९ रुपये ४७ पैसे गेले; म्हणजे नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. ज्याला ‘दोन टक्के’ म्हणून आपण दुर्लक्षितो, ते मालकाच्या घरी पोहोचेपर्यंत पंचवीस टक्के झालेले असते.

याचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नव्हे. ते कुटुंब कार्ड चालत नाही म्हणून पुढच्या हॉटेलात गेले असते, तर २४० रुपयेही गेले असते. आता निदान १८० उरले. म्हणून प्रश्न कार्ड घ्यावे की न घ्यावे असा नसून, कोणते गिऱ्हाईक कार्डाशिवाय दुसऱ्या वाटेनेही पैसे देण्यास राजी होते, हा आहे. ज्याच्या खात्यात पैसे आहेत आणि हातात भ्रमणध्वनी आहे, त्याच्यासमोर क्यूआरची पाटी ठळक असावी. यंत्र गल्ल्याच्या बाजूस ठेवावे आणि मागेल त्यालाच द्यावे. हे नम्रतेने करता येते. गिऱ्हाइकाचा अपमान करण्याचे यत्किंचितही कारण नाही.

आता यंत्राचे भाडे. अनेक ठिकाणी वटावापेक्षा हेच जड जाते. महिन्याला ३ लाखांची विक्री असलेले एक मध्यम हॉटेल घेऊ. त्यात रोख १ लाख २० हजार, यूपीआय १ लाख ३५ हजार, रुपेखेरीज इतर डेबिट कार्डे १५ हजार, क्रेडिट कार्डे ३० हजार. सर्व बिले २००० च्या आतील. वार्षिक उलाढाल ३६ लाख, म्हणून डेबिटचा कमाल दर ०.९०. मग डेबिटवर १३५ रुपये, क्रेडिटवर शेकडा २ प्रमाणे ६०० रुपये. यंत्राचे भाडे ४०० धरले तर करासह ४७२. एकूण १२०७ रुपये. तीन लाखांच्या मानाने हे शेकडा ०.४० भरतात, पण कार्डावरील ४५ हजारांच्या मानाने शेकडा २.६८ होतात. आणि हेच यंत्र महिन्याला केवळ १० हजारांचे कार्ड चालविणाऱ्या लहान खाणावळीत ठेवले, तर नुसते भाडेच शेकडा ४.७२ पडते, वटाव वेगळा. अशा खाणावळीने यंत्र परत करून क्यूआरवर भागवावे हे उत्तम. रक्कम जमा झाल्याची घोषणा करणाऱ्या बोलक्या डब्याचेही भाडे असते. तेही याच हिशेबात धरावे.

येथवर रुपया-पैशाचे झाले. परंतु आम्ही हा विषय घेतला तो केवळ पैशासाठी नव्हे. आपल्याच समाजातील एका कुटुंबाची हकीकत, नाव-गाव न सांगता, आपल्यापुढे ठेवतो. संबंधितांच्या संमतीनेच ती सांगत आहोत.

रस्त्यालगतचे हॉटेल. काकांनी तीस वर्षे चालविलेले. थोरला भाऊ अकाली गेल्यावर पुतण्याला त्यांनी पोटच्या मुलासारखे वाढविले आणि संध्याकाळचा गल्ला त्याच्या स्वाधीन केला. कार्डाचे यंत्र आले ते त्याच्याच आग्रहाने. यंत्र देणाऱ्या प्रतिनिधीने तोंडी सांगितले की, ‘चार्ज काही विशेष नाही.’ कागद कोणी वाचला नाही. दोन-तीन महिन्यांनी काकांनी रात्रीच्या यंत्राच्या पट्ट्या आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून पाहिले. पट्टीवर ८५०० रुपये, पासबुकात ८३५५ रुपये ३० पैसे. दुसऱ्या दिवशीही तूट. तिसऱ्या दिवशी तर आकडे मुळीच जुळेनात. रोजचे सरासरी दीडशे रुपये, महिन्याचे चार-साडेचार हजार. काका शब्दाने काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी स्वतः गल्ल्यावर येऊन बसू लागले. जे बोलले गेले नाही ते सर्वांना समजले. पुतण्याने हॉटेलात येणे सोडले, पुण्यास नोकरी पाहू लागला. वहिनींनी सणाला एकत्र पंगतीस बसणे टाळले. तीस वर्षांच्या घरात भिंत उभी राहिली.

त्या वहिनीच एके दिवशी पट्ट्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. “गुरुजी, माझा पोरगा चोर असेल तर मला तसं सांगा, पण हिशेब करून सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही काकांनाही बोलाविले. बँकेतून व्यवहारवार विवरणपत्र मागविले. ८५०० मध्ये क्रेडिट कार्डाचे ६२०० होते. शेकडा २ प्रमाणे १२४ रुपये. डेबिटचे २३०० होते, शेकडा ०.९० प्रमाणे २० रुपये ७० पैसे. बेरीज १४४ रुपये ७० पैसे. ८५०० मधून वजा केले, ८३५५ रुपये ३० पैसे. पैशालाही पैसा जुळला. ज्या दिवशी आकडे मुळीच जुळत नव्हते, त्या दिवशी रात्री उशिराची बिले दुसऱ्या दिवशीच्या जमेत गेलेली होती. पंधरा दिवसांच्या पट्ट्या आम्ही अशा ताळ्यास लावल्या. एकाही दिवशी एक रुपया हरवलेला नव्हता.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातून गल्ल्याची किल्ली काढून ती वहिनींच्या पुढे ठेवली आणि म्हणाले, “त्याला म्हणा, काका बोलावतो.” पुतण्या आला. आज ते हॉटेल तोच पाहतो, आणि विवरणपत्र रोज रात्री दोघे मिळून वाचतात.

बंधूंनो, त्या घरातून गेले ते पैसे बँकेने करारानुसारच घेतले होते. परंतु जे जवळजवळ गेलेच होते, ते कोणत्याही बँकेला भरून देता आले नसते. मोजलेले शुल्क हा खर्च असतो. न मोजलेले शुल्क संशय होऊन घरात शिरते. आणि संशय नेहमी दुबळ्यावरच येतो: कधी पुतण्यावर, कधी गल्ल्यावरच्या नोकरावर, कधी ताटे वाढणाऱ्या पोरावर. आपल्याकडे काम करणाऱ्या गरीब मुलाच्या पगारातून अशी ‘तूट’ कापली गेल्याची उदाहरणेही आमच्या कानांवर आली आहेत. ती ऐकून मान खाली घालावी लागते.

तेव्हा काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, करार मागावा. तोंडी दरावर विश्वासू नये. डेबिट, क्रेडिट, परदेशी कार्ड यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. भाडे, स्थापनेचे शुल्क, किमान व्यवहाराची अट आणि यंत्र परत करण्याची अट हीही वाचावी.

दुसरे, रोजकीर्दीत एकच ‘विक्री’ असा स्तंभ न ठेवता रोख, यूपीआय, डेबिट, क्रेडिट असे चार स्तंभ ठेवावेत, आणि ‘वटाव’ हा पाचवा. रात्री यंत्राची दिवसअखेर पट्टी काढावी, दुसऱ्या दिवशी जमा रकमेशी ताळा घालावा. दहा मिनिटांचे काम आहे. शाळेत जाणारी मुलगी ते करू शकते. किंबहुना तिलाच करू द्यावे.

तिसरे, वटाव गिऱ्हाइकावर लादू नये. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेची तशी स्पष्ट मनाई आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या करारांतही बहुधा तसे कलम असते. ‘सेवाशुल्क’ या नावाखाली तो बिलात घुसडणे हाही मार्ग नव्हे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. पदार्थाचा भाव ठरवितानाच हा खर्च धरावा. तो सरळ मार्ग आहे.

चौथे, करारापेक्षा अधिक कापले गेल्यास भांडण न करता बँकेस लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; त्यास शुल्क लागत नाही.

पाचवे, बँकेमार्फत येणाऱ्या पैशाची दुसरी बाजूही पाहावी. जे बांधव प्राप्तिकरात अंदाजी नफ्याची सवलत घेतात, त्यांचा रोखीच्या विक्रीवर शेकडा ८ नफा धरला जातो, तर बँकेच्या वाटेने आलेल्या विक्रीवर शेकडा ६. शिवाय खात्यात दिसणारी विक्री कर्ज मागताना साक्ष देते. रोखीलाही खर्च आहे: सुट्ट्याचा, खोट्या नोटेचा, रात्री घरी नेण्याच्या जोखमीचा. हिशेब करावयाचा तर दोन्ही पारड्यांचा करावा.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. वर्षातून दोन रविवार, एक अमरावतीस व एक अकोल्यास, असे राखून ठेवावेत. प्रत्येक कुटुंबाने एका महिन्याचे विवरणपत्र आणावे, आणि आपल्याच समाजातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते वाचून समजावून द्यावे. विद्यार्थ्यांस अनुभव मिळेल, वडीलधाऱ्यांस हिशेब मिळेल. अनेक कुटुंबांचे आकडे एकत्र जमले म्हणजे, एकट्यादुकट्याला जो दर मिळत नाही तो दहा जणांनी मिळून बँकेकडे मागता येईल. संघटना म्हणतात ती याचसाठी. हे मंडळ वधूवरसूचनेपुरते व गुणगौरवापुरते राहू नये, ही आमची फार दिवसांची इच्छा आहे. आमच्याकडून होईल तेवढे काम आम्ही आनंदाने करू. पाटी-खडूची सवय अद्याप सुटलेली नाही.

 अन्न विकणे हा पुण्याचा धंदा आहे. त्यात दुसऱ्याची भूक भागते आणि आपली चूल पेटते. ती चूल पेटती राहो आणि तिच्याभोवती बसणाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास अखंड राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.